दोन लाल वायरींचा घोळ

न्यू जर्सीतल्या आमच्या जुन्या घरात हीटिंगसाठी तळघरात बॉयलर आणि कूलिंगसाठी माळ्यावर सेंट्रल एसी. यंत्रणा वेगळ्या, पण दोन्ही चालू-बंद करणारा भिंतीवरचा थर्मोस्टॅट मात्र एकच. तो बंद पडला म्हणून नवा बसवला. स्क्रीन उजळली, पंखाही फिरला. पण ‘हीटिंग चालू’ दिसत असूनही रेडिएटर गारच. आई नुकतीच भारतातून आली होती, दोन शाली पांघरून बसलेली. मला फार वाईट वाटत होतं.

भिंतीतून दोन केबल येत होत्या. एसीच्या केबलमध्ये लाल, पिवळी, हिरवी, निळी; बॉयलरच्या केबलमध्ये फक्त लाल आणि पांढरी. नव्या थर्मोस्टॅटला ‘आर’ची, म्हणजे वीज आणणाऱ्या लाल वायरीची जागा एकच, म्हणून मी तिथे एसीची लाल लावून बॉयलरची लाल मोकळी सोडली होती. चूक तिथेच. दोन्हीकडे 24 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर वेगवेगळा असतो. एसीकडचा करंट बॉयलरच्या रिलेतून (बॉयलर सुरू करणाऱ्या स्विचमधून) फिरून परत जाणार कसा?

खात्री करायला मल्टीमीटर लावला: बॉयलरच्या लाल-पांढरीत 26 व्होल्ट. त्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या आणि खाली बॉयलर पेटला.

मग ‘आरएच’ (हीटिंगची लाल) आणि ‘आरसी’ (कूलिंगची लाल) अशा दोन स्वतंत्र जागा असलेला थर्मोस्टॅट आणला. दोन्ही ब्रेकर बंद केले. त्या दोन जागांना जोडणारा छोटा तारेचा जंपर आधी काढला. ट्रान्सफॉर्मर दोन असताना तो ठेवायचाच नाही. बॉयलरची लाल ‘आरएच’ला, पांढरी ‘डब्ल्यू’ला (हीटिंग), एसीची लाल ‘आरसी’ला, पिवळी ‘वाय’ला (कूलिंग), हिरवी ‘जी’ला (पंखा), निळी ‘सी’ला (करंटची परतीची वाट).

ब्रेकर चढवले. थोड्या वेळाने पाइप टकटकू लागले आणि आईने एक शाल काढली.