झुरळाच्या मालपिघी नलिका न तुटता कशा दाखवाव्यात

मोठं तपकिरी झुरळ (पेरिप्लॅनेटा अमेरिकाना) घ्या, तेही ताजं मारलेलं. रात्रभर पडून राहिलेल्याचं आतडं मऊ पडतं आणि मालपिघी नलिका, म्हणजे आतड्याला जोडलेल्या उत्सर्जनाच्या बारीक नळ्या, हात लावताच सुटतात. क्लोरोफॉर्मचा बोळा टाकलेल्या घट्ट झाकणाच्या बरणीत १०-१५ मिनिटं पुरतात. विच्छेदनाबाबत कॉलेजचे नियम आधी पाहा. हातमोजे घालाच, झुरळाची ॲलर्जी पुष्कळांना असते.

पंख आणि पाय मुळाशी कापा. मेणाच्या ट्रेमध्ये पाठ वर ठेवून टाचण्या बाहेरच्या बाजूला तिरप्या खोचा. उभ्या टाचण्या कात्रीला आडव्या येतात. १०० मिली पाण्यात ०.७५ ग्रॅम मीठ विरघळवून झुरळ पूर्ण बुडेल इतकं ओता. साध्या पाण्यात पेशी फुगतात.

उदराच्या मागच्या टोकापासून, पाठीच्या आणि पोटाच्या कवचामधल्या मऊ पडद्यातून दोन्ही कडांनी पुढे कापत जा. कात्रीचं टोक वर उचललेलं ठेवा, नाहीतर आतडं फाटून पाणी गढूळ होतं. पाठीचं कवच मागून उचलत, चिकटलेले स्नायू सुईने सोडवा. हृदय कवचाबरोबर निघून जाईल, जाऊ द्या.

आता सगळीकडे पांढरा मेदपिंड (चरबी वगैरे साठवणारी मऊ ऊती) दिसेल. तो उपसण्याच्या घाईतच बहुतेक नलिका तुटतात. ड्रॉपरने हलके झोत मारून तो सैल करा आणि चंदेरी श्वासनलिका ओढून न तोडता कापा. मग आतडं एका बाजूला उलगडा.

पेषणीमागे (अन्न दळणाऱ्या भागामागे) ६ ते ८ जाडसर, बोटांसारखे अंधनाल (एका टोकाला बंद नळ्या) लागतात. या मालपिघी नलिका नव्हेत! मध्यांत्र (आतड्याचा मधला भाग) संपून पश्चांत्र (मागचा भाग) सुरू होतं तिथे केसासारख्या बारीक, पिवळसर नलिकांचा झुबका असतो, साधारण १०० ते १५०. नराच्या उदरात मागे पांढऱ्या नळ्यांचा आणखी एक पुंजका असतो. ती प्रजननसंस्थेची साहाय्यक ग्रंथी आहे, आतड्याला जोडलेली नसते. शंका आली तर नळ्या कुठून निघतात ते शोधा.

दोन-तीन नलिका त्याच मीठपाण्याच्या थेंबात स्लाइडवर घ्या. ताज्या असतील तर सूक्ष्मदर्शकाच्या १० पट वस्तुभिंगाखाली त्या वळवळताना दिसतात, कारण त्यांच्यावर स्नायूंचे तंतू असतात. कव्हरस्लिप दाबू नका.

तोंडी परीक्षेत ‘नलिका यूरिक आम्ल बाहेर टाकतात’ एवढंच सांगितलं जातं. कीटकांबाबत ते ढोबळमानाने ठीक आहे, पण हे झुरळ यूरिक आम्ल मुख्यतः मेदपिंडात साठवतं आणि नायट्रोजन बराचसा अमोनियाच्या रूपात टाकतं.