हेमलॉकच्या रानात काम करायचंय? थंडीची तयारी ठेवा

वनशास्त्र किंवा कीटकशास्त्र शिकायला अमेरिकेत येणाऱ्यांना वाटतं, किडीचं काम म्हणजे उन्हाळ्यातलं. हेमलॉक या सूचिपर्णी झाडावरच्या हेमलॉक वूली अडेल्जिडचं नेमकं उलटं आहे. माव्याच्या जवळची ही कीड उन्हाळाभर निपचित पडून असते आणि ऑक्टोबरपासून ऐन थंडीत झाडात साठलेलं अन्न शोषते. म्हणून पाहणीही बर्फातच.

फांदी उलटी करायची आणि पानांच्या बुडाशी बघायचं. डहाळीवर ओळीने कापसाचे बारीक पुंजके दिसले की कीड आहे. आपल्याकडचा पिठ्या ढेकूण पाहिला असेल तर नजर लवकर बसते. कोळ्याच्या अंड्यांच्या पिशव्या मात्र नवख्याला चकवतात, तेव्हा भिंग खिशात हवंच. वसंतात पिल्लं कपड्यांना चिकटून दुसरीकडे जातात. कीड लागलेलं रान शेवटी गाठा.

जपानातून आलेली ही कीड पूर्व अमेरिकेत पहिल्यांदा १९५१ साली, व्हर्जिनियातल्या रिचमंडला सापडली. २००२ मध्ये ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात. इथे तिच्यात नर नाहीतच, त्यामुळे एक मादीही नव्या रानाला पुरते.

मला सगळ्यात जड गेलं ते औषध द्यायची झाडं निवडणं. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक, आपल्या कापूसवाल्यांच्या ओळखीचंच, बुंध्याभोवतीच्या मातीत ओततात. मात्रा ठरते छातीच्या उंचीवरच्या खोडाच्या जाडीवरून, म्हणून टेप नीट धरायला आधी शिका. एकदा दिलं की चार-पाच वर्षं तरी निभावतं. पण एका वर्षात एकरी किती औषध घालायचं याला मर्यादा आहे. दाट रानात सगळी झाडं एका हंगामात होत नाहीत. मी ओढ्याकाठची आधी धरते, कारण त्यांच्या सावलीमुळे पाणी थंड राहतं आणि त्यावर ब्रूक ट्राउट हा मासा जगतो. तिथे पाण्यालगत मातीत ओतून चालत नाही, औषध खोडात टोचावं लागतं. फार खंगलेलं झाड तर औषध पुरेसं वर ओढतच नाही. शेकडो वर्षांचं असं झाड सोडून पुढे जाताना पोटात तुटतं.

औषधाने फक्त वेळ मिळतो. माझी खरी आशा लॅरिकोबियस नायग्रिनस या भुंग्यावर आहे. तो पश्चिम किनाऱ्यावरचा, थंडीतच ही कीड खातो, आणि २००३ पासून पूर्वेच्या जंगलांत सोडला जातोय.

इथल्या केंद्र सरकारच्या बहुतेक नोकऱ्यांना अमेरिकी नागरिकत्व लागतं. आपल्यासाठी वाट विद्यापीठांच्या प्रयोगशाळांतून. कॉर्नेल विद्यापीठात न्यूयॉर्क स्टेट हेमलॉक इनिशिएटिव्ह हा हेमलॉक वाचवण्याचा उपक्रम आहे. प्राध्यापकांना लिहाल तेव्हा हिवाळ्यात चढणीवर काम करायची तयारी आहे, हे पहिल्याच मेलमध्ये सांगा.