थीसिसमधला 'फॉलोअप नाही' हा रकाना

एमडी मेडिसिनच्या फर्स्ट इयरचे ज्युनियर सारखे विचारतात, थीसिसला टॉपिक हार्ट फेल्युअर (हृदयाची पंप करायची ताकद कमी पडणं) घेऊ का, सोपा पडेल का. पेशंट मिळण्याच्या बाबतीत सोपाच आहे. मुंबईतल्या म्युनिसिपल हॉस्पिटलच्या मेडिसिन वॉर्डात पाय सुजलेला, दम लागलेला, दोन उश्या घेऊनही आडवं होता न येणारा माणूस शोधायला जावं लागत नाही, इमर्जन्सीच्या रात्री तो खाटेखालच्या गादीवर आपोआप येतो. मीही तेवढ्याचसाठी घेतला होता. टॉपिक साधारण असा की हार्ट फेल्युअरने ऍडमिट झालेल्यांना काय काय कॉम्प्लिकेशन्स होतात, ती आपण कशी मॅनेज करतो आणि ९० दिवसांनी पेशंट कसा आहे. त्या शेवटच्या पाच शब्दांनी माझं थर्ड इयर खाल्लं, म्हणून हे लिहितेय.

बाकीचं भराभर सांगते कारण ते कुणीही सांगेल. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, कुठल्या दिवसाचा धरणार ते आधी ठरवा, नाहीतर एकाचा इजेक्शन फ्रॅक्शन (हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा) ऍडमिशनचा आणि दुसऱ्याचा डिस्चार्जचा अशी भेळ होते. कॉम्प्लिकेशनची व्याख्या प्रोफॉर्मात, म्हणजे पेशंटची माहिती भरायच्या फॉर्मात, लिहा, मनात ठेवू नका. किडनीचं घ्या, केडिगो या किडनीच्या गाइडलाइनप्रमाणे रक्तातलं क्रिएटिनिन ४८ तासांत ०.३ ने वाढलं किंवा ७ दिवसांत बेसलाइनच्या (आजाराआधीच्या पातळीच्या) दीडपट झालं की एकेआय, म्हणजे किडनीला अचानक झालेली इजा, हे सगळ्यांना पाठ आहे, पण बेसलाइन कुठली? जुना रिपोर्ट नातेवाइकांच्या प्लास्टिकच्या पिशवीत असला तर असतो. मग काहीतरी एक नियम करा आणि सगळ्यांना तोच लावा. स्टॅटिस्टिक्सवाल्यांकडे डेटा गोळा करायच्या आधी जा, नंतर जाणं म्हणजे वरात निघाल्यावर पत्रिका बघणं.

आता माझा खड्डा.

मी डिस्चार्ज कार्डवर तारीख लिहून द्यायचे, अमुक मंगळवारी ओपीडीत या. आले की एनवायएचए क्लास (किती हालचालीने दम लागतो त्याची एक ते चार अशी पायरी), वजन, बीपी, गोळ्या घेतायत का, सगळं व्यवस्थित भरायचे. नाही आले की एक्सेलमध्ये 'फॉलोअप नाही'. दीड वर्ष हे असं चाललं आणि मला वाटत होतं माझा डेटा एकदम क्लीन आहे. गाइड मॅडमना पहिला ड्राफ्ट दाखवला तेव्हा त्यांनी मॉर्टॅलिटीच्या टेबलावर बोट ठेवलं आणि एवढंच विचारलं, "आणि हे बाकीचे गेले कुठे?"

हे नीट समजून घ्या, मी इथे लांबण लावणार आहे. समजा १०० पेशंट ऍडमिट झाले. ८ वॉर्डातच वारले, ९२ घरी गेले. ९० दिवसांनी ५५ ओपीडीत आले, ३७ आलेच नाहीत. तुम्ही काय लिहाल? १०० पैकी ८, म्हणजे ८ टक्के? त्यात न आलेले ३७ तुम्ही गुपचूप जिवंत धरलेत. की त्यांना काढून टाकून ६३ पैकी ८, म्हणजे जवळपास १३ टक्के? तेही खोटंच, कारण जो स्वतःच्या पायाने ओपीडीत आला तो जिवंत असणारच, त्यात तुम्ही काय शोधलंत. आता त्या ३७ जणांना फोन लावा. समजा २५ घरी फोन लागला आणि ११ जण गेल्याचं कळलं, तर आता ठाऊक असलेल्या ८८ पैकी १९ मृत्यू, म्हणजे २२ टक्क्यांच्या आसपास. उरलेल्या १२ जणांचा पत्ता नाहीच, म्हणजे ते सगळे ठीक असले तर १९ टक्के आणि सगळे गेले असले तर ३१. हे आकडे मी समजावायला घेतलेत, पण बघा ना, पेशंट तेच, वॉर्ड तोच, आणि तुम्ही कुठल्या रकान्यावर आळस केलात त्यावर उत्तर ८ पासून ३१ पर्यंत कुठेही.

कॅप्लान-मायर (किती दिवसांनी किती टक्के जिवंत आहेत ते दाखवणारा ग्राफ) काढला की सुटलो असं वाटत असेल तर नाही सुटलात. सेन्सर करताना, म्हणजे माग सुटलेल्याला त्या तारखेपासून मोजणीतून काढताना, तो ग्राफ असं गृहीत धरतो की जो गायब झाला त्याचा धोका आणि जो येत राहिला त्याचा धोका सारखाच आहे. हार्ट फेल्युअरमध्ये हे कसं खरं असेल? ज्याला चार पावलांवर धाप लागते तो लोकलने येऊन स्टेशनचा पूल चढून तुमच्या ओपीडीच्या रांगेत दोन तास उभा राहील का? अर्थात उलटही असतं, काही जण बरं वाटलं म्हणून भातलावणीला गावाला गेलेले असतात, आणि जुलैमध्ये गाड्या बंद पडल्या की निम्मी ओपीडी तशीही रिकामी. म्हणून अंदाज करायचा नाही, विचारायचं.

आणि डामा, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. हे कुणी बोलत नाही. सगळ्यात सिरियस पेशंट, व्हेंटिलेटर लागेल म्हटल्यावर नातेवाईक सही करून गावी नेतात, आणि आपण त्यांना 'एक्सक्लूडेड' म्हणून बाजूला ठेवतो. मीही ठेवले होते. मृत्यूच डेटाच्या बाहेर काढून ठेवायचे आणि मग आपलं मॅनेजमेंट किती छान ते डिस्कशनमध्ये लिहायचं!

या आजारात खरी पडझड घरी गेल्यावरच होते. केरळातल्या त्रिवेंद्रम हार्ट फेल्युअर रजिस्ट्रीने (पेशंटची नोंद करून पुढे माग ठेवणारा अभ्यास) २०१३ साली ऍडमिट झालेले १२०५ पेशंट धरून ठेवले. हॉस्पिटलमधले मृत्यू साडेआठ टक्क्यांच्या आसपास होते आणि पाच वर्षांनी आकडा ५९ टक्क्यांवर गेला. रेकॉर्ड सेक्शनमधून नुसत्या फायली काढून त्यांना हे कळलं नसतं.

तर मी फोन करायला बसले आणि तिथे दुसरा दणका. माझ्या कन्सेंट फॉर्ममध्ये फोन करण्याची परवानगीच नव्हती! ओपीडी फॉलोअप एवढंच लिहिलं होतं. एथिक्स कमिटीला अमेंडमेंट द्यावी लागली, मीटिंग एकदा पुढे गेली, जीव टांगणीला. परीक्षेच्या सहा महिने आधी थीसिस द्यायचा असतो आणि शेवटचा पेशंट घेतल्यावरही ९० दिवस थांबावंच लागतं, म्हणजे तीन वर्षांतली हातात किती उरतात ते तुम्हीच मोजा. पहिल्याच दिवशी फॉर्ममध्ये, मराठी आणि हिंदी दोन्हीत, घाला की आम्ही तुम्हाला किंवा तुम्ही सांगाल त्या नातेवाइकाला फोन करू.

नंबरची गंमत वेगळीच. कॅज्युअल्टीत रात्री दोन वाजता जो नंबर लिहिला जातो तो ज्याने आणलं त्याचा असतो. माझा एक नंबर टॅक्सीवाल्याचा निघाला, बिचारा स्वतःच विचारत होता, ते काका बरे आहेत का. पत्त्यावर जावं तर चाळ पाडलेली, माणसं ट्रान्झिट कॅम्पात. पेशंट जनआरोग्य योजनेत असेल तर त्या फायलीत रेशन कार्डाची झेरॉक्स असते, तिथे घरातल्या सगळ्यांची नावं मिळतात, हे मला वॉर्डातल्या मावशींनी सांगितलं, कुठल्या प्रोफेसरने नाही. आता मी तीन नंबर घेते, पेशंटचा, गावाकडचा आणि शेजाऱ्याचा, आणि पेशंट वॉर्डात असतानाच समोर लावून बघते.

पहिल्या आठवड्यातला एक फोन विसरता येत नाही. मी नेहमीच्या सुरात, काकांना चेकअपला आणलं नाहीत तुम्ही. पलीकडे सून होती. म्हणाली, "डॉक्टर, बाबांना जाऊन सव्वा महिना झाला. तुम्ही दिलेल्या त्या लघवीच्या गोळ्यांचं पाकीट अजून फ्रिजवर आहे. परत घेता का तुम्ही?" माझ्या शीटमध्ये हा माणूस 'फॉलोअप नाही' होता. त्या रात्री पुढचे फोन केले नाहीत.

म्हणून सुरुवातच 'काका कसे आहेत' अशी करा, 'का नाही आलात' अशी नको. संध्याकाळी आठनंतर लावा, दिवसा कामावर कुणी उचलत नाही. मृत्यूची तारीख थेट विचारली तर गोंधळतात, पण संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी, रमजानच्या आधी, गणपती उठले त्या रात्री, असं पक्कं सांगतात. मी कालनिर्णय घेऊनच बसायचे. कारणाच्या मागे फार लागू नका, घरी वारलेल्याच्या डेथ सर्टिफिकेटवर बहुतेक वेळा कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट असतं आणि त्यातून काही कळत नाही. कुठल्याही कारणाने झालेला मृत्यू हाच आउटकम ठेवा, निदान खरा असतो. आणि एक्सेल तारखा उलटवतो, ०५/०६ चा मे करतो की जून ते बघा, माझा एक पेशंट ऍडमिट व्हायच्या महिनाभर आधी वारला होता.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडवट आहे. झेरॉक्सवाल्याकडे थीसिस 'करून' मिळतो हे सगळ्यांना माहितीये, मला कुणाची पोलीसगिरी करायची नाही, पण त्यात ९० दिवसांचा फॉलोअप शंभर टक्के असतो आणि त्यावरूनच तो ओळखता येतो. गाइडचं म्हणाल तर ओरडणारी परवडली, 'बघू नंतर' म्हणणारी नको. माझ्या मॅडम ओरडल्या नाहीत, नुसतं बोट ठेवलं, ते जास्त लागलं.

आणि उगाच घाबरू नका हं. सगळे सापडणार नाहीत, माझेही नाही सापडले. जे नाही सापडले त्यांची शेवटची जिवंत असल्याची तारीख लिहा, वयाने, इजेक्शन फ्रॅक्शनने, क्रिएटिनिनने ते बाकीच्यांपेक्षा वेगळे होते का याचं एक टेबल द्या आणि दोन्ही टोकांचे आकडे मांडा. परीक्षक त्यावर विचारतात. माझ्या एक्स्टर्नलनी तेच टेबल उघडलं आणि पहिला प्रश्न आला, "फोन कोणी केले, तुम्ही स्वतः की इंटर्नने?"