उधारी वाढवण्याआधी बाकीचं वय बघा

जुना पार्टीवाला, म्हणजे उधारीवर माल नेणारं गिऱ्हाईक, आणखी माल मागतोय. मॅनेजर टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचं लेजर, म्हणजे खातं, उघडतो, येणं बाकी १,८०,००० रुपये दिसते, ‘नेहमीचाच आहे, द्या’ म्हणतो. नुसत्या बेरजेवर हा निर्णय घेऊ नका. आउटस्टँडिंगमधला रिसीव्हेबल्स (येणं बाकी) रिपोर्ट वयवार, म्हणजे बिल किती दिवस जुनं आहे त्यानुसार, उघडा आणि ०-३०, ३०-६०, ६०-९०, ९० दिवसांच्या वर असे कप्पे पाडा. एवढीच बाकी असलेल्या दुसऱ्या पार्टीची सगळी बिलं महिन्याच्या आतली निघतील. आणि या जुन्या पार्टीची १,१०,००० रुपयांची बिलं ९० दिवस ओलांडून गेलेली असतील. अधूनमधून दहा-वीस हजार टाकत राहतो, म्हणून खातं हलतं दिसतं, इतकंच.

पण या रिपोर्टवर डोळे झाकून विसंबू नका. घोळ बहुतेक वेळा रिसीटच्या एंट्रीत असतो. घाईत असलेला अकाउंटंट आलेली रक्कम बिलाला न जोडता ‘ऑन अकाउंट’ टाकून देतो. मग पैसे आलेलं बिलही जुनं थकलेलं दिसतं आणि चांगल्या गिऱ्हाइकाला आपण उगाच फोन करून दुखावतो. म्हणून लेजरला बिल-बाय-बिल, म्हणजे प्रत्येक बिलाची बाकी वेगळी ठेवायची सोय, चालू आहे ना, क्रेडिटचे (उधारीच्या मुदतीचे) दिवस टाकलेत ना, ते एकदा तपासा आणि दर शनिवारी ‘ऑन अकाउंट’ पडून असलेल्या रकमा बिलांना जोडून घ्या. क्रेडिट लिमिट, म्हणजे उधारीची कमाल मर्यादा, हीही टाकून ठेवा, मात्र ती वाढवायचा अधिकार सेल्सवाल्याच्या लॉगिनला देऊ नका. त्याचं टार्गेट विक्रीचं असतं, वसुलीचं नाही.