गिअरची सायकल घेतलीत, आता या चुका टाळा

वाईसारख्या गावात सायकल चालवायला रस्ते शोधावे लागत नाहीत. मेणवली, धोम, जरा दम असेल तर पसरणी घाट. शोधावं लागतं ते सामान. गावातल्या दुकानदाराचा साध्या सायकलीवर हात बसलेला असतो, पण गिअरच्या सायकलीचे भाग साताऱ्याहून नाहीतर पुण्याहून यायचे. शहरात संध्याकाळी निस्तरणारी चूक इथे आठवडाभर सायकल भिंतीला टेकवून ठेवते. म्हणून काही गोष्टी स्वतःला यायलाच हव्यात.

हवा आणि पंक्चर

अंगठ्याने टायर दाबून ‘आहे हवा’ म्हणण्याची सवय आधी सोडा. टायरच्या कडेला पीएसआयचा, म्हणजे हवेच्या दाबाचा, आकडा छापलेला असतो. ३५-३८ मिलिमीटर रुंदीच्या हायब्रीड टायरला साधारण ५० ते ७५ लागतो, आणि ४० व ६० मधला फरक अंगठ्याला कळत नाही. पेट्रोल पंपावरचं मशीन बहुतेक वेळा चारचाकीच्या तिशी-पस्तिशीवर लावलेलं असतं, म्हणजे हवा कमीच भरते. कॉम्प्रेसरने थेट भरायला गेलात तर धोका उलटा: ट्यूबमध्ये हवा मावते थोडी, हात दोन सेकंद जास्त राहिला की फटाका. मीटरवाला उभा पंप घरात असावा आणि दर आठवड्याला वापरावा. ट्यूबला बारीक तोंडाचा प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल, तर पितळी अडॅप्टर सीटखालच्या पिशवीत कायम ठेवा. गावातल्या दुकानातली नळी त्याला बसत नाही.

पंक्चर झालं की बहुतेक जण ट्यूब बदलतात आणि निघतात. दोन किलोमीटरवर पुन्हा चाक बसतं, कारण काटा टायरमध्येच असतो. बाभळीच्या काट्याचं टोक आत मोडून राहतं, बाहेरून दिसत नाही. टायरच्या आतून कापड फिरवा; जिथे धागा अडकेल तिथे काटा. पावसाळ्यानंतर रस्त्याच्या कडेला वाळलेले सराटे पडतात, तेव्हा साइडपट्टीवर उगीच उतरू नका.

भोक कुठे आहे तेही नीट बघा. बाहेरच्या बाजूला एकच भोक असेल तर काटा. शेजारीशेजारी दोन असतील तर हवा कमी होती आणि गतिरोधकावर किंवा खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपली गेली. रिमच्या बाजूला भोक असेल तर रिमवरची पट्टी सरकून आऱ्याच्या (स्पोकच्या) टोकाने ट्यूब कापली आहे. पट्टी सारखी केल्याशिवाय कितीही पॅच लावा, उपयोग नाही.

तेल

चेनला तेल घालतात आणि पुसत नाहीत. इंजिन ऑइल, खोबरेल, हाताला लागेल ते. वर राहिलेल्या तेलावर धूळ बसते आणि कुरुंदासारखी पेस्ट तयार होऊन दाते झिजवते. थेंब कड्यांच्या आत, रोलरवर सोडायचा. थोडा वेळ पेडल उलटं फिरवायचं आणि बाहेरचं सगळं तेल फडक्याने पुसून टाकायचं. झीज तपासायला फुटपट्टी पुरते: चेनच्या एका पिनेच्या मध्यापासून चोविसावी पीन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. दीड मिलिमीटर पुढे गेली असेल तर चेन बदला. नाही बदललीत तर पुढे कॅसेटही (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) बदलावी लागेल, आणि तो खर्च चेनपेक्षा मोठा असतो.

डिस्क ब्रेक असेल तर सायकल दुरुस्तीला देताना सांगूनच द्या: डिस्कवर तेल नको. ‘आवाज येतोय’ म्हटलं की सवयीने पिचकारी मारली जाते, आणि मग ब्रेक किंचाळतो पण लागत नाही. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येते. पॅडमध्ये तेल मुरलं असेल तर ते बदलावेच लागतात. मोटारसायकलच्या वॉशिंग सेंटरवरही सायकल नेऊ नका. प्रेशरचं पाणी बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन काढतं. बादली आणि जुना ब्रश पुरे.

सायकल टेम्पोत किंवा एसटीच्या टपावर टाकताना गिअरची बाजू वर ठेवा. मागचा गिअर ज्या हँगरवर लटकतो तो मऊ धातूचा असतो. वाकला की चेन आऱ्यांमध्ये जाते. हँगर फ्रेमप्रमाणे वेगळा असतो, म्हणून सायकल घेतानाच एक जादा मागवून ठेवा.

सीट

दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत म्हणून सीट खाली ठेवली जाते. मग महिन्याभरात गुडघ्याची वाटी पुढून दुखते आणि दोष वयाला जातो. टाच पेडलवर ठेवून पेडल सर्वांत खाली आणा. पाय सरळ व्हायला हवा. गुडघा मागून ओढला जात असेल तर सीट जरा जास्त वर गेली आहे. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं, एवढंच शिकावं लागतं.

घाट आणि ऊस

पसरणी घाट साधारण बारा-तेरा किलोमीटरचा. लोक चढायची तयारी करतात, चूक उतरताना होते. ब्रेक सतत धरून ठेवला की रिम तापतो. वळणाआधी वेग कमी करा, वळणात ब्रेक सोडा, दोन्ही ब्रेक थोडे थोडे वापरा. शनिवार-रविवारी पाचगणी-महाबळेश्वरची गर्दी असते, त्या दिवशी उजाडताच घाट उरकून घ्यावा. नाहीतर धोमकडे जावं, तेही काही वाईट नाही.

ऊसतोडीच्या हंगामात भुईंजच्या बाजूला अंधारात फिरू नका. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागे दिवा असेलच असं नाही, आणि वळणावर मागची ट्रॉली आतल्या बाजूने येते. ओव्हरटेक करण्यापेक्षा मागे थांबा. ट्रॉलीला धरून फुकट चढ चढण्याचा मोह पोरांना होतो, मोठ्यांनी तरी करू नये. मागचा लाल दिवा दिवसाही लावा. धुक्यात आणि धुरळ्यात तोच दिसतो.