डॉलिस हिलच्या साध्या रस्त्यांचे फोटो कसे काढावेत

महाराष्ट्र मंडळ लंडनची वास्तू डॉलिस हिल लेनवर आहे. त्यामुळे गणपतीला, दिवाळीला आपली कितीतरी माणसं गाडी लावायला जागा शोधत वायव्य लंडनच्या या उपनगरात फिरतात. रस्त्याकडे मात्र कोणी बघत नाही. मला हे रस्ते फार जवळचे वाटतात. इथला इतिहास घरांच्या दारं-खिडक्यांत आणि फाटकांत आहे, आणि तो दरवर्षी थोडाथोडा पुसला जातोय. तो फोटोत कसा धरून ठेवायचा, ते सांगते.

आधी नकाशा

निघण्याआधी एक संध्याकाळ नकाशाला द्या. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या वेबसाइटवर इंग्लंडचेही जुने ऑर्डनन्स सर्व्हे (ब्रिटनचं सरकारी नकाशा खातं) नकाशे फुकट बघता येतात, आजच्या नकाशाशेजारी ठेवूनसुद्धा. एकोणिसाव्या शतकाअखेरच्या नकाशात डॉलिस हिल म्हणजे शेतं आणि फार्महाउस. मग 1909 मध्ये स्टेशन आलं, आणि पुढे 1920-30 च्या दशकांत जोडघरांच्या रांगा उभ्या राहिल्या.

एका दिवशी एकच रस्ता घ्या. दोन-तीन घेतलेत की पाय चालतात आणि डोळे थांबतात.

उजेड

ढगाळ दिवस उत्तम. विटा, पेबलडॅश (बारीक खडे बसवलेला भिंतीचा गिलावा), रंगीत काचा यांचा खरा रंग तेव्हाच येतो. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 15 अंश वर असतो आणि चारच्या आत मावळतो, म्हणून अकरा ते दोन ही वेळ धरा. मोबाइल पुरतो. समोरच्या फूटपाथवर उभं राहून मोबाइल सरळ धरा, वर तिरका केलात की घर मागे कलंडल्यासारखं दिसतं.

आधी लांबून, मग अगदी जवळून

प्रत्येक ठिकाणी दोन फोटो हवेतच. एक लांबून: घर, शेजार, गाड्या, कचऱ्याचे डबे, सगळं येऊ द्या. डबे हटवून फोटो काढू नका, तीस वर्षांनी लोक तेच बघणार आहेत.

दुसरा हाताच्या अंतरावरून. त्या काळच्या घरांचं एक आवडतं चित्र म्हणजे उगवता सूर्य. कुठे लाकडी फाटकावर पट्ट्यांचे किरण, कुठे दाराच्या काचेत पिवळे-केशरी तुकडे शिशाच्या पट्टीत बसवलेले. फाटकाचा फोटो काढताना कमरेच्या उंचीवर खाली या. कडीपाशी रंगाचे पोपडे दिसतील, हिरव्याखाली तपकिरी, त्याखाली पांढरा. प्रत्येक थर म्हणजे त्या घरात कधीतरी कोणीतरी हातात ब्रश घेतला होता. पुढची बाग फरशी घालून गाडीसाठी मोकळी केली, की पहिलं जातं ते हे फाटक.

लाल टपालपेटीवरची राजाच्या नावाची अक्षरंही टिपा. ‘जी आर’ आणि मध्ये आकडा नाही, तर ती पाचव्या जॉर्जच्या काळातली, म्हणजे 1910 ते 1936. आठव्या एडवर्डची पेटी दिसली तर नशीब, कारण तो 1936 मध्ये वर्षभरही राजा नव्हता.

दुकानाची पाटी बदलताना खाली जुनी रंगवलेली जाहिरात उघडी पडते. ती दिसली की तिथेच थांबा. मी एकदा ‘उद्या येते’ म्हणून पुढे गेले, दुसऱ्या दिवशी नवी पाटी ठोकलेली होती.

माणसं आणि कायदा

सार्वजनिक फूटपाथवरून घरांचे फोटो काढायला इथे सहसा परवानगी लागत नाही. तरी कोणी बाहेर आलं तर काय करताय ते मोकळेपणाने सांगा, फोटो दाखवा. बरेचदा गप्पांतून घराची गोष्टच हाती लागते. मुलांचे चेहरे आणि गाड्यांचे नंबर टाळा. इमारतींचे फोटो खुशाल प्रसिद्ध करा. भिंतीवरच्या चित्रांना मात्र 1988 च्या कॉपीराइट कायद्यातली ती सवलत नाही.

नोंद

हे काम फोटोइतकंच मोलाचं. ब्रूक रोडचंच घ्या. तिथल्या जमिनीखाली ‘पॅडॉक’ नावाचं युद्धकाळातलं तळघर आहे, 3 ऑक्टोबर 1940 रोजी चर्चिलच्या युद्ध मंत्रिमंडळाची बैठक तिथे झाली. जवळच पोस्ट खात्याच्या संशोधन केंद्रात अभियंते टॉमी फ्लॉवर्स यांनी जर्मन गुप्तसंदेश उलगडायला मदत करणारं कोलोसस यंत्र घडवलं. नोंदीशिवाय हे कुठल्याच फोटोतून कळणार नाही.

म्हणून त्याच रात्री लिहा: तारीख, रस्ता, कुठल्या दिशेला तोंड करून उभे होतात, समोर काय होतं. घराचा क्रमांक स्वतःच्या वहीत ठेवा, जाहीर करताना फक्त रस्त्याचं नाव द्या. आणि जवळच्या दिव्याच्या खांबावरचा नंबर आठवणीने टिपा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात त्याच खांबापाशी उभं राहून तोच फोटो पुन्हा काढायचा आहे.