वंध्यत्वाच्या संशोधनात यायचंय? मिरजेतून सांगते

एमएस्सी झुऑलॉजी, बायोटेक, बायोकेमिस्ट्री करणारी पोरंपोरी नेहमी विचारतात की ताई तुम्ही टेस्ट ट्यूब बेबी बनवता का, आणि मी नाही म्हटलं की पुढचा प्रश्न असतो, मग करता काय दिवसभर? तर एकदा नीट लिहूनच टाकते, म्हणजे ज्यांना खरंच या फिल्डमध्ये यायचंय त्यांना कळेल तरी की कशात उडी मारतोय.

मी पलूसकडची, एमएस्सी सांगलीत झाली आणि मग मिरजेत एका रिसर्च प्रोजेक्टवर असिस्टंट म्हणून लागले, आता त्यातच पीएचडी चालू आहे. आयव्हीएफ म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचं सेंटर हा आमच्या विषयाचा एक कोपरा आहे, सगळा विषय नाही. मूल का होत नाहीय याचं कारण शोधणं, ते कारण खरं आहे का हे तपासणं, आणि जो उपचार दिला जातोय त्याने खरंच फरक पडतो का हे बघणं, हे संशोधन. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत 12 महिने नियमित संबंध ठेवूनही दिवस गेले नाहीत तर त्याला वंध्यत्व म्हणतात आणि त्यांच्या 2023 च्या अहवालात जगभरात 6 पैकी साधारण 1 जणाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो असं दिलंय. म्हणजे तुमच्या गल्लीत, तुमच्या भावकीत कोणीतरी असणारच, फक्त बोलत नसतात.

मिरज या कामाला बरी जागा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. इथलं मिशन हॉस्पिटल उभं करणाऱ्या वॉनलेस डॉक्टरांच्या काळापासून इथे लांबलांबून पेशंट येतात, जत, आटपाडी, मंगळवेढा, तिकडून अथणी, रायबाग, विजापूर. पुण्यामुंबईत जो पेशंट भेटतो त्यापेक्षा इथला वेगळा, ऊसवाला, द्राक्षवाला, ट्रकवर जाणारा, सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी परराज्यात राहणारा आणि वर्षातून थोडेच दिवस घरी येणारा. या शेवटच्या माणसाला तर आधी तुम्ही दोघं एकत्र राहता किती हेच विचारायचं असतं, औषध नंतर. आणि हो, थोडं कन्नड येत असेल तर सोनं, अर्धी माणसं मराठीत उत्तर देतात पण खरं दुखणं कन्नडमध्येच सांगतात.

आता कामाची सुरुवात. नवीन आलेल्याला वाटतं जीन्स, स्टेम सेल, एआय, पण सुरुवातीचे महिने तुम्ही फक्त प्रश्न विचारणार आहात. हिस्टरी घेणं. आणि ते लॅबच्या कामापेक्षा अवघड आहे हे मी कुणालाही लिहून देईन. बाई एकटी कधीच येत नाही, सोबत सासू असते, आणि तुम्ही पाळी कधी आली विचारलं की उत्तर सासू देते. मी आता एकच करते, मावशी तुम्ही लांबून आलाय, जरा बाहेर पंख्याखाली बसा, चहा सांगते, आणि दार लोटून घेते. मग सूनबाई बोलायला लागते. एकदा अशीच एक मुलगी, मोठी जाड फाइल घेऊन आलेली, सोनोग्राफ्या, नळ्यांचा एक्सरे, दुर्बिणीचं ऑपरेशन, कितीतरी महिन्यांच्या गोळ्या, आणि मी नवऱ्याचा रिपोर्ट कुठाय विचारलं तर म्हणाली, "ताई, ह्यांची कशाला तपासणी, ह्यांना काय झालंय? आत्या म्हणत्यात आमच्यात गड्यामाणसात काय नसतंय." जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूनेही काहीतरी अडचण असते, एकट्याची किंवा दोघांची मिळून, हे जगभर दिसलेलं आहे, आणि तरी फाइल बाईचीच जाड होते. मला याचा खूप राग येतो आणि तो राग मी जपून ठेवलाय, कारण संशोधनात पण हेच होतं, बाईचा डेटा भरलेला आणि नवऱ्याचा रकाना कोरा. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की या फिल्डमध्ये यायचं तर जोडपं मोजायला शिका, नुसती बाई नाही.

म्हणून नवीन पोरांना मी आधी सिमेन अ‍ॅनालिसिस, म्हणजे वीर्यतपासणी, शिकवते. नाक मुरडू नका, सगळ्यात स्वस्त तपासणी आहे आणि सगळ्यात जास्त वाट्टेल तशी केली जाणारी पण हीच. जागतिक आरोग्य संघटनेचं लॅब मॅन्युअल आहे, सहावी आवृत्ती 2021 ची, फुकट डाउनलोड होते, ती अक्षरशः पाठ करा. आधीच्या वीर्यस्खलनापासून नमुन्यापर्यंत 2 ते 7 दिवसांचं अंतर हवं. नमुना आल्यावर लगेच स्लाइडवर घ्यायचा नाही, 37 डिग्रीला ठेवून पातळ होऊ द्यायचा, साधारण अर्ध्या तासात होतो, आणि तासाच्या आत हालचाल बघून घ्यायची. नमुना चिकट असतो त्यामुळे साध्या पिपेटने माप चुकतं, आतल्या भिंतीला चिकटून राहतं, त्यासाठी वेगळी पिपेट असते. मग डायल्यूट करून न्यूबॉवर चेंबरमध्ये, म्हणजे मोजणीसाठी चौकटी आखलेल्या काचेत, दोन्ही बाजू भरायच्या, काही मिनिटं ओलसर डब्यात ठेवायचं म्हणजे शुक्राणू तळाला बसतात, आणि प्रत्येक बाजूला किमान 200 मोजायचे. रेषेवर बसलेला मोजायचा की नाही? ठरवलेल्या दोन बाजूंच्या रेषांवरचे मोजायचे, उरलेल्या दोन बाजूंवरचे सोडायचे, नाहीतर एकच शुक्राणू दोन चौकटीत मोजला जातो. दोन्ही बाजूंच्या आकड्यात फरक जास्त आला तर फेकून द्या आणि परत डायल्यूशन करा, कंटाळा आला तरी करा. एकही दिसला नाही तर शून्य लिहून मोकळं व्हायचं नाही, सेंट्रिफ्यूज करून तळाचा गाळ बघायचा, कारण शून्य आणि अगदी थोडे यात त्या माणसाच्या आयुष्याचा फरक आहे.

आणि एक प्रश्न जो बऱ्याच ठिकाणी विचारलाच जात नाही, नमुना सगळा डबीत पडला का? पहिल्या थेंबांत शुक्राणू सगळ्यात जास्त असतात, तोच भाग बाहेर सांडला तर धडधाकट माणसाचा काउंट कमी येतो. त्या छोट्या बाथरूममध्ये, बाहेर रांग, आतून कडी नीट लागत नाही, माणूस घाबरलेला असतो, तो आपणहून कधीच सांगणार नाही, तुम्ही अगदी साध्या आवाजात विचारायचं, दादा थोडं सांडलं का, सांडलं तर काही बिघडत नाही, परत देऊ.

मिलीलिटरला 16 मिलियन शुक्राणू ही जी खालची मर्यादा मॅन्युअलमध्ये आहे ती पण नीट समजून घ्या. ज्यांच्या बायकांना वर्षाच्या आत दिवस गेले अशा पुरुषांतल्या सगळ्यात खालच्या 5 टक्क्यांची ती रेषा आहे. म्हणजे 14 आला म्हणून मूल होणार नाही असं नाही आणि 40 आला म्हणून होईलच असं पण नाही. पेशंटला हे सांगता आलं पाहिजे.

कारणांचं बोलायचं तर यादी मोठी आहे, पीसीओएस (हार्मोन बिघडून अंडं वेळेवर न सुटणं), नळ्या बंद असणं, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढणं), थायरॉइड, व्हेरिकोसील (वृषणाच्या शिरा फुगणं), पुरुषाच्या वाय क्रोमोसोमचा तुकडा गळालेला असणं, क्लाइनफेल्टर (पुरुषात एक्स क्रोमोसोम जास्तीचा असणं) वगैरे. आपल्याकडे गर्भाशयाचा आणि नळ्यांचा टीबी विसरू नका, खोकला नाही ताप नाही आणि आतून नळ्या खराब, परदेशी पुस्तकात तो एका ओळीत उरकतात पण इथे तो डोक्यात ठेवावाच लागतो.

तासगाव भागातला प्रत्येक बागायतदार मात्र एकच विचारतो, फवारणीमुळं होतंय का हे? प्रश्न चांगला आहे आणि अगदी पोकळ पण नाही. 1977 मध्ये कॅलिफोर्नियात लॅथ्रोप इथे डीबीसीपी नावाचं सूत्रकृमीनाशक बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांच्याच लक्षात आलं की आपल्याला मुलं होत नाहीयत, तपासलं तर कित्येकांचा काउंट शून्य किंवा अगदी कमी. आणि उंदरांमध्ये त्या रसायनाने वृषणं आक्रसतात हे 1961 मध्येच छापून आलेलं होतं! सोळा वर्षं ते कागदावर पडून होतं. पण याचा अर्थ आज बागेत मारलं जाणारं प्रत्येक औषध तसंच असा होत नाही, ते दाखवावं लागतं, आणि दाखवणं कठीण आहे. ज्याला मूल नाही तो माणूस कारण शोधून शोधून प्रत्येक फवारणी आठवतो, ज्याला दोन मुलं आहेत तो म्हणतो मारलं असंल कायतरी. हा आठवणींचा फरकच निकाल वाकडा करतो. म्हणून नुसतं फवारणी करता का असं विचारायचं नाही, स्प्रेचं वेळापत्रक लिहिलेली वही बघायला मागायची, द्राक्षवाल्यांकडे ती असतेच, कोण मिसळतं, हातमोजे असतात का, ट्रॅक्टरवर केबिन आहे का. आणि शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे आजचा नमुना मागच्या छाटणीनंतरचं सांगतोय, आजचं नाही. हे गणित डोक्यात नसेल तर सगळा सर्व्हे वाया.

उपचारांच्या संशोधनात एकच शिकून या, शेवटी काय मोजलं ते बघा. काउंट वाढला, अंडी जास्त आली, टेस्ट पॉझिटिव्ह आली, हे सगळं ठीक, पण बाळ जन्मलं का? मेडिकलमध्ये पुरुषांसाठी झिंक, फॉलिक अ‍ॅसिडच्या पुड्या आणि गोळ्या भरपूर विकल्या जातात. 2020 मध्ये अमेरिकेत 2370 जोडप्यांवरची ट्रायल छापून आली, अर्ध्या पुरुषांना या गोळ्या, अर्ध्यांना नुसत्या दिसायला तशाच, आणि बाळ जन्मल्याचं प्रमाण 34 आणि 35 टक्के, म्हणजे काहीच फरक नाही. उलट उदाहरण लेट्रोझोलचं, म्हणजे अंडं तयार व्हायला मदत करणाऱ्या गोळीचं. आपल्याकडे 2011 मध्ये वंध्यत्वासाठी त्याच्यावर बंदी आली होती, मग 2014 मध्ये पीसीओएसच्या 750 बायकांवरच्या ट्रायलमध्ये याच कामाच्या जुन्या क्लोमिफेन गोळीने 19.1 टक्के आणि लेट्रोझोलने 27.5 टक्के बायकांना बाळ झालं, आणि 2017 मध्ये इथली बंदी उठली. साधी, स्वस्त गोळी आहे, जिला आयव्हीएफचा खर्च झेपत नाही अशा बाईसाठी याचं मोल काय ते आमच्या ओपीडीत बसल्याशिवाय कळत नाही. असे निकाल पाहिजेत, त्यासाठी हे सगळं मोजणं.

लॅब नोटबुक. तारीख, वेळ, बॅच नंबर, सही, रोजच्या रोज, शाईने. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांचं वाचा, 3 ऑक्टोबर 1978 ला, जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राउन हिच्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी, त्यांच्या प्रयत्नातून तशीच मुलगी जन्मली, पण सरकारी समितीने विश्वास ठेवला नाही, बदली, अपमान, आणि 1981 मध्ये त्यांनी जीव दिला. पुढे 1986 मध्ये मुंबईत केईएमला डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांच्या टीमचं बाळ जन्मलं आणि भारतातलं पहिलं म्हणून त्याचंच नाव झालं. नंतर मुखोपाध्यायांची कागदपत्रं हातात आल्यावर आनंद कुमार यांनीच 1997 मध्ये जाहीर सांगितलं की पहिले ते होते. स्वतःचा पहिला नंबर सोडून देणारा शास्त्रज्ञ! मला या माणसाबद्दल फार आदर आहे. आणि त्या कागदांमुळेच ते शक्य झालं.

गुप्ततेचं वेगळं सांगते कारण इथे शहरासारखं नाही. तुमच्या गावचं जोडपं आलं तर सरळ सहकाऱ्याकडे द्या. एसटी स्टँडवर, बाजारात पेशंट दिसला तर आपण ओळख दाखवायची नाही, ते हसले तर हसायचं. संमतीपत्र मराठीत असतं पण सरकारी मराठीत, ते वाचून दाखवायचं आणि त्यांनी आपल्या शब्दांत परत सांगितलं तरच सही घ्यायची. नाही म्हणाले तर उपचारात काही फरक पडणार नाही हे दोनदा सांगा, कारण आपल्याकडे माणसं भिडेखातर हो म्हणतात.

रस्ते कोणते? पीएचडी करायची तर सीएसआयआर नेट किंवा आयसीएमआर जेआरएफ द्या, जेआरएफ म्हणजे पीएचडीच्या सुरुवातीची फेलोशिप, तिचं स्टायपेंड 2023 पासून महिन्याला 37 हजार झालं. एमबीबीएस करणाऱ्यांनी आयसीएमआरची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप बघा. मुंबईत परळला आयसीएमआरची प्रजनन आरोग्याचीच राष्ट्रीय संस्था आहे, हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणू जीवशास्त्राच्या संस्थेत पुरुष वंध्यत्वाच्या जेनेटिक्सवर काम होतं, जवळ हवं तर कराडचं कृष्णा, मिरजेचं सरकारी मेडिकल कॉलेज, कोल्हापूरचं विद्यापीठ, इथल्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. एम्ब्रिऑलॉजिस्टच, म्हणजे लॅबमध्ये गर्भ सांभाळणारा, व्हायचं असेल तर 2021 चा एआरटी (आयव्हीएफसारख्या उपचारांचा) कायदा आणि त्याखालचे नियम वाचून, त्यात कुठली डिग्री चालते ते बघूनच कोर्सला पैसे भरा, वीकेंडला सर्टिफिकेट देणारे खूप आहेत. स्टॅटिस्टिक्सवाले आणि एमएसडब्ल्यू केलेले पण आम्हाला हवे असतात, त्यांना कोणी सांगतच नाही की हे फिल्ड त्यांचं पण आहे.

आणि मुलाखतीचं सांगते, कारण आता मीही बाजूला बसते. आमच्याकडे एक रिपोर्ट हातात देतात, काउंट 6 मिलियन, आणि विचारतात पुढे काय कराल. बरेच जण लगेच इक्सी, म्हणजे एकच शुक्राणू सुईने अंड्यात सोडायचा, असं म्हणतात. आम्हाला ऐकायचं असतं की मागच्या तीन महिन्यांत ताप येऊन गेला का, किती दिवसांचं अंतर होतं, नमुना सगळा पडला का, दुसरा नमुना कधी घेणार, आणि बायकोची काय काय तपासणी झालीय.